ठाण्यात विज्ञानकथांचा कट्टा कसा जमवावा

मालिकेचा शेवटचा भाग रात्री दीड वाजता संपतो, डोक्यात प्रश्नांचं मोहोळ उठलेलं असतं आणि घरात बोलायला कुणी जागं नसतं. आमचा कट्टा अशाच रात्रींमुळे सुरू झाला. तुम्हालाही जमवायचा असेल तर सुरुवातीला चार-पाच माणसं पुरतात. दहाच्या वर गेली की दोन टोळकी पडतात आणि अबोल माणसं अबोलच राहतात.

भेटायला तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, सगळ्यांना ठाऊक आहे, स्टेशनवरून चालत येता येतं. पण रविवारी संध्याकाळी तिथल्या गर्दीत शेजारच्याचंही धड ऐकू येत नाही. सकाळी साडेसातला भेटा. पावसाळ्यात कुणाच्या तरी घरी. महिन्यातला एक रविवार कायमचा ठरवून टाका. ‘सगळ्यांना विचारून बघू’ म्हटलं की तारीख कधीच निघत नाही.

आता खरं काम. एका बैठकीला एकच विषय घ्या आणि ‘कसा वाटला?’ हे विचारूच नका. ‘भारी’, ‘ठीक’, ‘बोअर’ एवढ्यावर पाच मिनिटांत गाडी थांबते. विज्ञानकथेत आपल्या ओळखीच्या जगापेक्षा काहीतरी वेगळं घडत असतं. ते नेमकं काय, हे शोधा आणि त्याचे परिणाम माणसांवर काय होतात ते विचारा.

२०१४च्या ‘इंटरस्टेलर’ या सिनेमाचं उदाहरण देते. त्यात कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. आमच्यातल्या दहावीच्या मुलीने बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर हिशेब मांडला: कटिंग संपवायला दहा मिनिटं लागली, तर तेवढ्यात बाहेर चौदा महिने गेले. एक सेकंद म्हणजे जवळजवळ सतरा तास. तो कागद हातोहात फिरला आणि सगळे गप्प झाले. मग एक काका म्हणाले, ‘वर यानात थांबलेल्याचं काय गं?’ खाली उतरलेले परत येईपर्यंत त्याची तेवीस वर्षं उलटलेली असतात. तो कुणाशी बोलला असेल, वाढदिवस मोजले असतील का, यावर आमचा पुढचा दीड तास गेला.

कधी बोलण्याऐवजी करून बघा. रेडिओ संदेशाला पृथ्वीवरून मंगळावर पोचायला अंतराप्रमाणे साधारण तीन ते बावीस मिनिटं लागतात. दोघांना कट्ट्याच्या दोन टोकांना बसवा, चिठ्ठ्यांवर भांडायला लावा आणि प्रत्येक चिठ्ठी मध्ये तीन मिनिटं अडवून धरा. उत्तर हातात पडेपर्यंत राग ओसरलेला असतो. मंगळावरच्या वस्तीची गोष्ट नंतर वेगळ्याच डोळ्यांनी बघितली जाते.

विषय सुचवताना चिठ्ठीवर नाव नको. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव न बघता कथा वाचली गेली आणि बक्षीस मिळालं. आमच्याकडेही बिननावाच्या चिठ्ठ्या सुरू झाल्यापासून नवखी मुलं मोकळेपणाने सुचवू लागली.

नव्या मालिकेबद्दल बोलताना जो सगळ्यात मागे आहे, त्याने पाहिलेल्या भागापर्यंतच बोलायचं. शेवट फोडणाऱ्याला पुढच्या वेळी सगळ्यांचा चहा. हा नियम कडक ठेवा, कारण एकदा मजा गेली की ते माणूस परत येत नाही.

साठीच्या आसपासचे एक-दोघे आवर्जून बोलवा. दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची तेव्हा ते शाळा-कॉलेजात होते. १९९८च्या ‘कॅप्टन व्योम’च्या वेळी त्यांची मुलं टीव्हीसमोर ठाण मांडून असायची. त्यांना फक्त ‘तेव्हा काय खरं वाटलं होतं?’ एवढं विचारा आणि ऐकत राहा. वाचायची ओढ लागलेल्यांना मराठी ग्रंथ संग्रहालयाचं सभासद करून टाका. १८९३पासून ते ठाण्यात आहे.

शेवटची पंधरा मिनिटं ताज्या गोष्टींना: इस्रोची मोहीम, नवा ट्रेलर, कुणी घेतलेली दुर्बीण. मग सगळ्यात लहान सभासदाने पुढच्या महिन्याची चिठ्ठी उचलायची आणि तिचा फोटो तिथल्या तिथे ग्रुपवर टाकायचा.