वार्षिकांकाचं मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका: माझा अनुभव

परभणीत आमच्या नववीच्या मुलांनी वार्षिकांकाच्या मुखपृष्ठावर वेरूळच्या १६ क्रमांकाच्या कैलास लेण्याचा फोटो घेतला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. फोटो खरंच देखणा, पण उन्हातल्या दगडावर नाव दिसेचना. फोटो तोच ठेवून नावामागे गडद पट्टा दिला, प्रिंट फळ्याला चिकटवली आणि शेवटच्या बाकावरून वाचून घेतली. कडांना ३ मिमी चित्र जादा ठेवलं; नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ राहते.

अनुक्रमणिकेत लेखाचं नाव आणि पानाचा आकडा यांमधली टिंबं हाताने टाकलेली, त्यामुळे पानांचे आकडे पुढेमागे. उजवा टॅब (आकडे उजवीकडे एका रेषेत आणणारी संगणकातली खूण) लावून टिंबं त्यालाच जोडली, आकडे सरळ आले. मग पाचवीतल्या मुलीला विचारलं, "बाळा, मुक्तिसंग्रामाचा लेख कुठंय गं?" तिने बोट ठेवलं, पान उघडलं, तर तिथे कविता! मधे मजकूर वाढला होता. पानं पक्की झाल्यावरच मुलांनी आकडे नव्याने भरले.