बांधावरच्या मेथीचा पीएचआय कोण मोजतो?

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची ऑक्टोबरातली गोडी छाटणी उरकली की फवारणीच्या ब्लोअरला दम नसतो. आधी डावणी, मग भुरी हे रोग, आणि पाऊस रेंगाळला तर दिवसाआड फवारा. निर्यातीच्या मालाचा पीएचआय, म्हणजे शेवटचा फवारा आणि तोडणी यांत राखायचे दिवस, आपण बोटं मोजून पाळतो. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या मालात उरलेल्या अंशापायी युरोपात माल अडकला, तो चटका अजून कुणी विसरलेलं नाही. मात्र त्याच बागेच्या बांधावरची मेथी, कोथिंबीर फवाऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी खुडून घरात येते. मीठ-पाण्यात धुतली की झालं, असं आपण धरून चालतो. वरवरचा अंश धुतल्याने कमी होतो, आंतरप्रवाही औषध पानाच्या आत गेलेलं असतं, ते तसंच राहतं.

याचा संबंध पुरुषाच्या बीजाशीही असू शकतो. अमेरिकेत बॉस्टनला वंध्यत्वाच्या उपचारासाठी आलेल्या १५५ पुरुषांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. जास्त अंश असलेली फळं-भाज्या सर्वाधिक खाणाऱ्यांचे एकूण शुक्राणू सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ४९ टक्क्यांनी कमी भरले. एका पाहणीने कारण सिद्ध होत नाही हे खरं. पण कमी अंशाच्या भाज्या खाणाऱ्यांत ही घट दिसली नाही, तेव्हा भाजी सोडायचं काही कारण नाही.

औषधाच्या डब्यावरच्या रंगीत त्रिकोणावर फार विसंबू नका. लाल-पिवळा-निळा-हिरवा हा रंग औषध लगेच किती घातक ते सांगतो. वृषणावर सावकाश काय होईल ते त्यात येत नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लगेच विषबाधा करण्यात सौम्य, तरी प्रयोगातल्या उंदरांच्या वृषणांना त्याने इजा झाली. सूत्रकृमीवरचं डीबीसीपी तर माणसांतच उघडं पडलं. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात कामगार गप्पांत एकमेकांना सांगू लागले, आपल्यापैकी कुणालाच मूल होईना. तपासलं तर कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू जवळपास नव्हतेच.

घरच्या भाजीचा वाफा बागेपासून लांब, वारा ज्या बाजूने येतो तिकडे करा. जागा नसेल तर छाटणीपासून फवारे संपेपर्यंत बांधावरची पालेभाजी खुडू नका, विकतची परवडली. औषधाचा रिकामा कॅन कितीही विसळा, त्यात ताक-पाणी नको. आणि ट्रॅक्टरवर बसणाऱ्याची पँट बघा: सीटवर सांडलेल्या द्रावणाने मांड्यांपर्यंत भिजलेली, तशीच अंगावर दुपारच्या भाकरीपर्यंत. जांघेतली कातडी हातापेक्षा कितीतरी पट जास्त औषध शोषते. शेडवर एक जादा पँट, साबण आणि पाण्याची बादली ठेवा, आणि आधी धुणं, मग डबा.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. ऑक्टोबरातल्या फवाऱ्याचा परिणाम असला तर तो डिसेंबर-जानेवारीत दिसेल, आणि आज काळजी घेतली तर फरक कळायलाही तेवढेच दिवस जातील. वर्षभर प्रयत्न करून मूल होत नसेल तर सुनेलाच दवाखान्यात पाठवण्याची आपल्याकडची रीत सोडा. वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त आहे, ती आधी मुलाची करा. एकदा कमी आली तर तीन महिन्यांनी पुन्हा. जाताना फवारणीची वही सोबत न्या. निर्यातीच्या तपासणीला दाखवतो तीच. कोणतं औषध, किती तारखेला, कुणी मारलं, हे डॉक्टर विचारत नसतील तर आपणहून पुढे करा.