आयात कापसाविरुद्ध ठराव लिहायचा तर असा लिहा

कापसाचा भाव पडला की आमच्या हिंगणघाटकडच्या ग्रामसभांत एकच ठराव होतो: 'आयात बंद करा.' असा कागद वर कोणी वाचत नाही. आमच्या गावात लिहापढीचं काम माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून सांगतो.

पहिलं, डंपिंगचा आरोप करू नका. डंपिंग म्हणजे परदेशी व्यापारी त्याच्या देशातल्या भावापेक्षा कमी भावात इथं माल विकतो. ते डीजीटीआर, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या केंद्राच्या कार्यालयापुढं, आकड्यांनी सिद्ध करावं लागतं, अर्जामागं देशातल्या किमान २५ टक्के उत्पादनाचा पाठिंबा लागतो. कारखानदार तो जमवतात. पाच-सात एकरवाले आपण कुठून जमवणार? आपलं दुखणं शुल्काचं आहे. २०२१च्या अर्थसंकल्पानं कापसावर ११ टक्के आयात शुल्क आणलं. १९ ऑगस्ट २०२५ला ते माफ झालं, माफी पुढं ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. पेरा जूनमध्ये झालेला, आणि नेमकी वेचणी-विक्रीच्या महिन्यांत दारं उघडी! हे तारखांसकट लिहा.

मग हिशेब मांडा, कारण साहेब रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, खंडीत बोलतो अन् आपण कापसाच्या क्विंटलमध्ये. खंडी ३५६ किलोची. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. खंडी ५५ हजार धरली तर रुईचे झाले ५,२५० रुपये. ६४ किलो सरकी ३५ रुपयांनी धरा, २,२४०. बेरीज ७,४९०, त्यातून जिनिंगचा, म्हणजे सरकी वेगळी काढायचा, खर्च वजा. लांब धाग्याचा २०२५-२६चा हमीभाव होता ८,११०. खंडी हजारानं उतरली की क्विंटलमागं पंच्याण्णव रुपये जातात, हे वाक्य तर ठळक लिहा. सरकी आणि खंडीचे भाव मात्र त्या आठवड्याचे जिनिंगवर विचारून घाला.

मागणी तोलून करा. सूतगिरणीला स्वस्त रुई लागते, तिची अडचण खोटी नाही. ३२ मिलिमीटरपेक्षा जास्त लांबीच्या धाग्याचा कापूस आपल्याकडं फारसा होत नाही. त्यावर शुल्क मागू नका. बाकी कापसाला ऑक्टोबर ते मार्च, बाजारभाव हमीभावाखाली असेपर्यंत, शुल्कमाफी नको, एवढंच मागा. माझ्या मते संरक्षण असंच अटीचं असावं. बारमाही दिलं तर गिरण्या बसतील आणि आपला कापूस घेणार कोण?

ठराव खासदारांमार्फत अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाला धाडा, प्रत वस्त्रोद्योग मंत्रालयाला. जुलैतच पाठवा, अन् पोच घ्या.