विशारदची तयारी आणि हरवलेलं गाणं

गायनातल्या विशारद परीक्षेच्या तयारीला लागलेल्या मुली हमखास विचारतात, "ताई, रागाची फोड करून बघायला लागल्यापासून गाण्यात पूर्वीसारखं मन रमत नाही. हे असंच राहणार का?" नाही राहणार. पण वर्ष-दीड वर्ष तसं होतं, हे आधीच सांगून ठेवते.

माझं झालं होतं. पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात मैफल होती. विलंबित एकताल चालला होता आणि मी मांडीवर बोटांनी बारा मात्रा मोजत होते. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अचूक सापडली. शेजारच्या आजोबांच्या तोंडून "वाहवा" निघालं, ते कशावर, हे मात्र मला कळलंच नाही. परतीच्या लोकलमध्ये रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी क्लासात बाईंनी वही मिटायला लावली. "भूप म्हण." म्हटला. "आता देसकार." मी आरोह-अवरोह म्हटले, तेच पाच स्वर, सा रे ग प ध. मग पेटी बाजूला सारून नुसत्या तानपुऱ्यावर त्यांनी दोन्ही गायले. भूपात गंधारावर विसावा, खाली मंद्र धैवताला शिवून परत षड्ज. देसकारात धैवत लख्ख उभा, तिथून पंचमावर उतरणं, रिषभ जेमतेम. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग; देसकाराचा ध, हे मला तोंडपाठ होतं. ऐकू आलं त्या दिवशी.

संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी रागांचे जे दहा गट, म्हणजे थाट, मांडले, त्यांत भूप कल्याणात आणि देसकार बिलावलात बसतो. मध्यम-निषाद दोन्हीत वर्ज्य, मग थाट ठरवायचा कसा? चलन, म्हणजे रागात स्वर कसे चालतात ते, ऐकूनच. हा प्रश्न पेपरात येवो न येवो, गळ्यावर चढवा.

मैफिलीला वही नेऊ नका. रेकॉर्डिंग पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा एकच बघा: गायक थांबतो कुठे? शास्त्राच्या वहीत आज जे लिहिलंत, ते आजच गाऊन बघा. भूप-देसकार अंगवळणी पडले की मारवा-पूरिया या तशाच सारख्या स्वरांच्या जोडीकडे वळा. घाई केलीत तर दोन्ही कालवले जातात.

किशोरीताई आमोणकरांचा भूप मी अजून चर्चगेटच्या गाडीत ऐकते. गंधारावर येण्याआधी त्या केवढी वाट बघायला लावतात, ते आता समजतं. परवा त्या नादात दादरला उतरायचं राहून गेलं.