उलाळ गाडी ट्रॅकवर: मागच्या इंजिनाची स्पोर्ट्स कार शिकताना

बैलगाडीत कापूस मागे जास्त रचला की जू वर उचललं जातं. गाडी उलाळ झाली, असं आपण म्हणतो. पुढे जास्त भरली तर धुरजड. पोर्शे ९११ मुळातच उलाळ आहे. सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या चाकांच्याही पलीकडे बसतं आणि साधारण ६० टक्के भार मागे पडतो. हा भार पायांनी पुढे-मागे कसा न्यायचा, एवढंच ट्रॅकवर शिकायचं असतं.

रोजच्या गाड्या पुढच्या इंजिनाच्या, म्हणजे धुरजड. वळणात वेग जास्त वाटला की आपण रेस सोडतो आणि गाडी निमूट आत वळते. ९११ मध्ये हीच सवय गाडी फिरवते. रेस झटक्यात सोडली की भार पुढे धावतो, मागचे टायर हलके होतात, आणि शेपटाला बांधलेलं ते जड इंजिन वळणाच्या बाहेर झेपावतं.

वळण असं घ्या. ब्रेक सरळ रेषेतच, जोरात लावा. पहिल्या दिवशी वाटतं त्यापेक्षा ३०-४० मीटर आधी. मग स्टेअरिंग वळवताना ब्रेक एकदम सोडू नका. जेवढं स्टेअरिंग वाढेल तेवढा पाय हळूहळू वर येऊ द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. ब्रेक फटकन सुटला की नाक वर येतं, पुढच्या टायरांवरचा भार जातो आणि गाडी वळायचं सोडून सरळ निघते. चालक घाबरून रेस सोडतो किंवा पुन्हा ब्रेक दाबतो, पुढच्या टायरांना पकड परत मिळते, आणि आधीच जास्त वळवलेलं स्टेअरिंग गाडीला आत खेचतं. मागची बाजू तेव्हाच सुटते. गाडी सरळ जाऊ लागली तर स्टेअरिंग थोडं कमी करा आणि रेस अलगद, अर्ध्या इंचाने कमी करा. वळणाच्या आतल्या टोकाशी आलात की रेस हळूहळू वाढवा. आता तोच मागचा भार टायर जमिनीत दाबतो, आणि ही गाडी वळणातून जशी सुटते तशी दुसरी क्वचितच सुटते.

मागची बाजू सरकलीच तर नजर जायचंय तिकडे ठेवा, स्टेअरिंग त्याच दिशेने फिरवा, रेस आहे तिथेच धरा. पुरती फिरली तर ब्रेक पूर्ण दाबा, मॅन्युअल असेल तर क्लचही. स्थिरता राखणारी यंत्रणा शिकताना बंद करू नका.

हवेचं नीट बघा. पंक्चरवाला चारही चाकांत सारखी हवा भरून देतो. ते इथे चुकीचं आहे. मागच्या चाकांत जास्त लागते, आकडे गाडीच्या पुस्तकातले घ्या. हवा ट्रॅकवर सकाळी, टायर गार असताना मोजा. तापमान १० अंशांनी बदललं की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे ४५ अंशांच्या जळगावात दुपारी भरलेली हवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर सकाळी कमी भरते. पंधरा मिनिटं पळवल्यावर ती ६-८ पीएसआय वाढते. आत आल्याबरोबर मोजून जादा काढा.

पेट्रोलची टाकी पुढे असते. ४० लिटर संपले की नाकावरचे ३० किलो गेले, गाडी आणखी उलाळ. म्हणून पाव टाकीखाली जाऊ देऊ नका.

ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेक ऑइल बदला. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलं की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की वाफ होते आणि पेडल तळाला जातं. ब्रेकचे पॅड निम्म्यापेक्षा झिजले असतील तर बदलूनच निघा.

सुरुवातीला कोइम्बतूरचा करी ट्रॅक बरा: जेमतेम दोन किलोमीटर, वळणं लवकर पाठ होतात. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, वेग फार; तो नंतर. कन्नड घाटात किंवा धुळे-जळगाव हायवेवर यातलं काहीही करून बघू नका. तिथे केळीचे ट्रक असतात, माणसं असतात.

सत्र १५-२० मिनिटांचंच ठेवा. शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता, हळू घ्या. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, ब्रेक तापलेले असतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडण लावा.