हलक्या पायाला गाडी मिसिंग मारते? आधी पाइप काढा, पाकीट नंतर

तिसरा गिअर, चाळीसचा वेग, पुढे रस्ता मोकळा. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर हळूच दाबता आणि गाडी दोन-तीन आचके देते (हेच मिसिंग: पेट्रोल मध्येच पेटत नाही). वैतागून पाय पूर्ण दाबला, तर आचके गायब आणि गाडी सुसाट! माझ्या १९९४च्या मारुती ८००चा हा खेळ तीन महिने चालला होता. तेवढ्या काळात मी प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ करवून घेतला. दर वेळी दोन दिवस वाटायचं, फरक पडला. पडलेला नसायचा. दोष निघाला बोटभर लांबीच्या एका वायरीत, आणि तो शोधायला लागला फक्त एक स्क्रू.

पुढचं सगळं मुख्यतः कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने वीज पोचवणारा भाग) असलेल्या गाड्यांसाठी आहे. इंजेक्शनवाल्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

बॉनेट उघडण्याआधी

आधी गाडी घेऊन एक चक्कर मारा आणि मिसिंग नेमकं कधी होतं ते पाहा. हलक्या पायाला इंजिनात दोन गोष्टी घडत असतात. एक, मिक्स्चर लीन असतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लीन मिक्स्चर सावकाश जळतं, त्यामुळे ठिणगी थोडी आधी पडावी लागते. म्हणून दुसरी गोष्ट: इंजिनाचा वॅक्यूम, म्हणजे हवा ओढण्याचा जोर, डिस्ट्रिब्युटरवरचा डायफ्रॅम (रबरी पडदा) ओढतो आणि ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, अलीकडे आणतो. पाय पूर्ण दाबला की वॅक्यूम पडतो, टायमिंग पुन्हा उशिराचं होतं आणि कार्ब्युरेटर जादा पेट्रोल सोडतो.

तेव्हा फक्त हलक्या पायाला मिसिंग असेल, तर संशय मिक्स्चरवर किंवा या वॅक्यूमच्या यंत्रणेवर. घाट चढताना, पाय दाबल्यावर वाढत असेल, तर संशय ठिणगीवर, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. आयडलिंगलाही (गाडी उभी, पाय काढलेला) इंजिन थरथरत असेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय किंवा एक सिलिंडर कामच करत नाही. हा नियम काही दगडावरची रेघ नव्हे. झिजलेला प्लग लीन मिक्स्चर पेटवतानाही कुचराई करतो.

ज्यांच्या गाडीला हाताने ओढायचा चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) आहे, त्यांना आणखी एक फुकटची चाचणी करता येते. इंजिन गरम झाल्यावर, आचके सुरू असताना चोक किंचित ओढा. आचके थांबले, तर पेट्रोल कमी पडतंय. प्लग-वायरींच्या नादी लागू नका.

पाइपची चाचणी

कार्ब्युरेटरकडून एक बारीक रबरी पाइप डिस्ट्रिब्युटरच्या बशीसारख्या डब्यावर येतो. इंजिन बंद करून तो डब्यावरून काढा आणि पाइपच्या तोंडात एक स्क्रू घट्ट बसवा. आता त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने गाडी चालवा. पिकअप थोडा मंद वाटेल, तो वाटणारच. आचके गेले का, एवढंच बघायचं. गेले, तर दुखणं डिस्ट्रिब्युटरकडे आहे. चाचणी झाली की पाइप परत लावा. तसाच ठेवलात तर मायलेज खाली येईल.

मग डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा. पाइप डब्याला लावा, कार्ब्युरेटरकडचं टोक काढून स्वच्छ पुसा, तोंडाने ओढा आणि टोकावर जीभ टेकवून धरा. (पेट्रोलची चव येते. जुने मिस्त्री हे असंच करतात आणि वर चहा पितात.) आतली पॉइंटची (वीज तोडून ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) प्लेट किंचित फिरली पाहिजे आणि फिरलेलीच राहिली पाहिजे. लगेच मागे आली, तर डायफ्रॅम फाटला आहे. फिरलीच नाही आणि जीभ मात्र चिकटून राहिली, तर प्लेट गंजून अडकली असेल.

माझ्या गाडीत प्लेट छान फिरत होती. तेच तर दुखणं होतं. पॉइंटला जाणारी वायर त्या प्लेटबरोबर दर वेळी वाकते, वर्षानुवर्षं वाकते. वरून ती धडधाकट दिसत होती. चिमट्यात धरून हलकेच ओढली, तर रबरासारखी ताणली गेली! आतली तार तुटलेली, फक्त आवरण शाबूत. हलक्या पायाला प्लेट फिरली की तुटकी टोकं एकमेकांपासून सुटायची, पाय दाबला की प्लेट मागे येऊन पुन्हा टेकायची. बदलताना बारीक तारांची मऊ वायर घ्या आणि थोडी सैल ठेवा. घरातल्या वायरिंगची एकेरी जाड तार तिथे टिकत नाही. वायर बसवल्यावर पॉइंटची गॅप आणि टायमिंग पुन्हा तपासा.

प्लग, वायरी आणि अंधार

पाइपच्या चाचणीने फरक पडला नाही, तर प्लग काढा. अर्थात इंजिन गार झाल्यावर. आधी वायरींवर चिकटपट्टी लावून आकडे घाला. मारुती ८००चा फायरिंग क्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे, आणि वायरी उलटसुलट झाल्या तर नवीनच नाटक सुरू होतं. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर बरं. पांढरं फटक म्हणजे लीन, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे खर्चाची बातमी. या इंजिनाला प्लगची गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते, ती फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा.

वायरींसाठी रात्र बरी. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. आधी कुठे पेट्रोल गळत नाही ना, याची खात्री करा. गळत असेल तर चाचणी तिथेच सोडा. वायरींवर आणि कॅपवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. कुठे निळसर ठिणगी नाचताना दिसली, तर तिथून वीज गळतेय. हात आणि ओढणी-मफलर लांब ठेवा. झटका हजारो व्होल्टचा असतो. ज्यांना पेसमेकर आहे, त्यांनी हे दुसऱ्याकडून करून घ्यावं.

हवा आणि जेट

रबरी पाइपांची टोकं जुनी झाली की कडक होतात, चिरतात. आयडलिंगला एकेक पाइप पक्कडीने दाबून बघा. इंजिनाचा सूर बदलला, तर त्याच्या पुढचा भाग तपासा. पाइप लांब असेल तर चिरलेलं टोक अर्धा इंच कापून परत बसवलं तरी भागतं. कार्ब्युरेटरच्या बुडाच्या गॅस्केटवर साबणाचं पाणी सोडलं आणि ते आत ओढलं गेलं, तर गळती तिथेच. या कामाला कार्ब क्लीनरचा स्प्रे वापरणारे बरेच आहेत. गरम इंजिनावर मला ती हिंमत होत नाही.

हे सगळं ठीक असेल, तर कार्ब्युरेटरमधला आयडल जेट (पेट्रोल सोडणारी बारीक पितळी तोटी) आणि थ्रॉटलच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या, पाकळीजवळची बारीक भोकं पाहा, कारण हलक्या पायाचं पेट्रोल तिथूनच येतं. हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं.

इथेनॉलचाही यात हात आहे. देशातल्या पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण २०२२मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५मध्ये २० टक्क्यांवर गेलं. किलोभर पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, किलोभर इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जेट तेच, हवा तेवढीच, तरी मिक्स्चर आपोआप लीन. चोक ओढल्यावर आचके थांबत असतील आणि जेट स्वच्छ असतील, तर एक नंबर मोठा जेट टाकण्याबद्दल मिस्त्रीशी बोला.

इंजेक्शनची गाडी असेल तर

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी ०३०१ हा कोड म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसफायर, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्याचं; पी ०३०० म्हणजे कुठलं एक नाही, सगळीकडे थोडंथोडं. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) असेल, तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर टाका, कोड पुसा, चक्कर मारून या. कोड पी ०३०३ झाला, तर कॉइल गेली. पी ०३०१च राहिला, तर तसंच प्लगचं करून बघा, आणि इंजेक्टरवर खर्च त्यानंतरच.