गंजावरची चंदेरी कणी : एअरब्रश नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

प्रतिकृतीवर गंज दाखवायचा म्हटले की नवोदित सर्वांत आधी चंदेरी रंगाच्या बाटलीकडे वळतो आणि काम बिघडायला तिथूनच सुरुवात होते. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगातून तयार होणारा गंज चकाकत नाही. चकाकते ते घासले गेलेले, अद्याप गंजायला वेळ न मिळालेले पोलाद. एकास पस्तीस प्रमाणातल्या टी-५५ रणगाड्यावर अशा जागा मोजक्याच असतात : ट्रॅकच्या कड्यांचे जमिनीला टेकणारे भाग, दातेरी चाकाचे दाते आणि माणसांच्या बुटांनी घासलेल्या झाकणांच्या कडा. अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या विमानावर तर तांबूस गंज येतच नाही, तरीही लढाऊ विमानांच्या पंखांवर नारिंगी ओघळ काढणारे हौशी लोक दर प्रदर्शनात भेटतात.

निरीक्षणासाठी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जरूर जावे, परंतु ते आकार आणि जोडण्या समजून घेण्यासाठी. गंज पाहायचा असेल तर मुंबईतल्या दारूखान्यात रचून ठेवलेले भंगाराचे पत्रे पाहावेत. तिथे लक्षात येते की जुना गंज जवळजवळ काळपट तपकिरी असतो, भडक नारिंगी रंग पाणी नुकतेच साचून सुकलेल्या कडेला, अगदी थोडा दिसतो, आणि रंगाचा पापुद्रा सुटतो तिथे बहुतेक वेळा आधी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, उघडा पडतो, धातू नव्हे.

टी-५५ च्या डाव्या फेंडरवरचे एक्झॉस्ट सरावासाठी उत्तम आहे. काळ्या चकचकीत प्रायमरवर गडद पोलादी रंगाचे अतिशय पातळ थर एअरब्रशने, १२ ते १५ पीएसआय हवेच्या दाबाने द्यावेत. धातूरंगातली कणी तळाशी बसत असल्याने रंग बाटलीतून एअरब्रशच्या कपात ओतण्यापूर्वीच नव्हे, तर काम चालू असतानाही रंग अधूनमधून ढवळावा, ०.२ मिलिमीटरचे नोझल तुंबते, ०.३ चे सोयीचे पडते. हा थर एक दिवस पूर्ण सुकू द्यावा. त्यावर तामिया कंपनीचा एक्सएफ-६४ हा लालसर तपकिरी अॅक्रिलिक रंग थोडा काळा मिसळून, एकास तीन थिनर घालून, तीन-चार सेंटिमीटर अंतरावरून ठिपक्याठिपक्यांनी मारावा, मग नुसता एक्सएफ-६४, आणि शेवटी पिवळा व लाल मिसळून केलेला नारिंगी, तोही मोजक्या जागी. मधूनमधून खालचे पोलाद डोकावू द्यावे. ही क्रमवारी कोणालाही जमते. त्याची धास्ती नको.

धास्ती घ्यायची ती एअरब्रशच्या आत उरलेल्या कणीची. मला ज्याने सर्वाधिक छळले ते हेच, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. धातूरंग मारून झाल्यावर कपात थिनर ओतून दोनदा फवारले, थिनर स्वच्छ दिसू लागले की आपण समाधानाने गंजाचा रंग भरतो. परंतु अॅल्युमिनियमच्या सूक्ष्म चपट्या कणी नोझलच्या तोंडाशी, सुईच्या पॅकिंगपाशी आणि कपाच्या तळच्या खाचेत चिकटून राहिलेल्या असतात. गंजाचा मॅट रंग त्यांना बरोबर घेऊन बाहेर पडतो. ओल्या थरात काहीही दिसत नाही. रंग सुकला आणि प्रतिकृती खिडकीपाशी तिरकी धरली की गंजभर गणपतीच्या मखरावरच्या चमकीसारखे ठिपके लुकलुकतात. मॅट वार्निश मारून ते पूर्णपणे झाकले जात नाहीत आणि पुसून काढायला गेले तर खालचा थरही निघतो. म्हणून नोझल काढून थिनरमध्ये भिजत ठेवावे, सुई पुसावी, कपाचा तळ दातांच्या फटीत फिरवायच्या बारीक ब्रशने घासावा, आणि मग काळ्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर निव्वळ थिनर फवारून, ते उडून गेल्यावर मोबाइलच्या टॉर्चखाली पाहावे. एकही ठिपका लुकलुकला तरी पुन्हा साफ करावे. ऐपत असेल तर धातूरंगांसाठी स्वस्तातला का होईना, पण वेगळा एअरब्रश ठेवावा.

कणी आणखी एका वाटेने वर येते. तळचा धातूरंग अल्कोहोलमध्ये विरघळणारा अॅक्रिलिक असेल आणि त्यावर तशाच थिनरचा ओला थर बसला, तर तळ सैल होऊन चमक गंजात मिसळते. त्यामुळे तळाला लॅकरचा धातूरंग, वर अॅक्रिलिकचा गंज आणि वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग, एनॅमलचा, असा क्रम मी कधीही मोडत नाही. लॅकर मात्र खास प्रतिकृतींसाठीचे घ्यावे. हार्डवेअरच्या दुकानातल्या एनसी थिनरने पैसे वाचतात असे सांगणारे बरेच भेटतील. ओलसर फवारा बसला तर तेच थिनर प्रतिकृतीच्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकवरचे बारकावे खाते. लॅकर फवारताना सेंद्रिय बाष्प अडवणारा काडतुसाचा मास्क अनिवार्य आहे, रुमालाने काहीही होत नाही.

पावसाळ्यात किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी कॉम्प्रेसरची टाकी आणि पाणी-सापळा प्रत्येक बैठकीपूर्वी रिकामा करावा, अन्यथा पाण्याचा एक थेंब धातूरंगावर कायमचा डाग पाडतो. तयार गंजाच्या बाटल्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, कारण त्यांतली भरड पूड एकास पस्तीसवर मुरुमाच्या खड्यांसारखी दिसते. आणि पूर्ण झालेली प्रतिकृती दाखवणाऱ्या ज्येष्ठांपेक्षा आपला एअरब्रश समोर खोलून दाखवणारा ज्येष्ठ शोधावा. असे लोक कमी आहेत, पण विचारले की बहुधा नाही म्हणत नाहीत.

एवढ्यावर गंज पुरा होतो. राहते ती घासल्या जागांची चकाकी, आणि तिच्यासाठी एअरब्रश लागतच नाही. आधी संपूर्ण ट्रॅकवर मॅट वार्निश मारून सुकू द्यावे आणि त्यानंतरच दात्यांवर व कड्यांच्या उंचवट्यांवर मऊ, ६बी पेन्सिलचे शिसे बोटाने चोळावे. क्रम उलटा झाल्यास वार्निश ती चमक मारते आणि शिसे पुन्हा चोळावे लागते.